घरावरील सौरवीज: अनुदान आणि पहिला किलोवॅट



बाभुळगावच्या वैशाखाला आजवर कोणी संपत्ती म्हटलेले नाही. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण. सभोवार कापूस, तूर आणि सोयाबीनची काळी राने, आणि तालुक्यातच बेंबळा नदीवर बांधलेले धरण. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्या वर चढतो, दुपारचे रस्ते ओस पडतात आणि माणसे सावली धरून बसतात. ज्या उन्हापासून पिढ्यान् पिढ्या बचाव केला, ते ऊन आता युनिटांत मोजले जाते आणि ते पकडण्यासाठी शासन पैसेही देते. हा पैसा किती, केव्हा आणि कोणाला मिळतो, आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्या हातून तो कोठे निसटतो, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. प्रकाशापासून वीज निर्माण होते हे फ्रान्समधील एदमाँ बेकरेल या तरुण शास्त्रज्ञाने १८३९ साली दाखविले. वापरण्याजोगा सौरघट मात्र १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला, आणि त्यानंतरही तो अनेक वर्षे उपग्रहांपुरताच परवडत होता. भारतात १९८१ साली अपारंपरिक ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला गेला, १९८२ साली केंद्रात त्याचा स्वतंत्र विभाग झाला आणि महाराष्ट्रात १९८५ साली महाऊर्जा ही संस्था स्थापन झाली. त्या काळातील अनुदान सौरचूल, पाणी तापविण्याची यंत्रे, बायोगॅस अशा साधनांना असे. अनेक घरांत सौरचूल आली, काही दिवस डाळ-भात शिजला आणि पुढे ती पेटी माळ्यावर गेली. साधन चांगले होते, पण सकाळी सात वाजता शेतावर जाणाऱ्या बाईच्या वेळापत्रकाशी त्याचा मेळ बसत नव्हता. अनुदानाने वस्तू घरात आणता येते. ती वापरात राहील की नाही, हे त्या घराची दिनचर्या ठरविते. हा जुना अनुभव आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. घरांच्या छपरांवरील विजेसाठी २०१९ सालच्या कार्यक्रमात ३ किलोवॅटपर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे १० किलोवॅटपर्यंत २० टक्के अनुदान ठरले. टक्केवारीच्या अनुदानात एक अडचण असते. किंमत जितकी अधिक दाखवावी, तितके अनुदान अधिक होते. म्हणून प्रत्येक राज्यात निविदा काढून दर ठरवावे लागत आणि ते ठरेपर्यंत महिने निघून जात. २०२२ साली राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले आणि ३ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे १४,५८८ रुपये अशी ठोक रक्कम आली. यंत्रणा स्वस्त मिळाली तर फायदा ग्राहकाचा, महाग घेतली तर भार त्याच्यावर, असा हा साधा व्यवहार होता. जर्मनीने २००० साली वेगळा मार्ग स्वीकारला होता. तेथे यंत्रणा बसविण्यापेक्षा तिने निर्माण केलेल्या प्रत्येक युनिटाला वीस वर्षे ठरावीक भाव देण्यात आला. त्या पद्धतीत यंत्रणा चालू ठेवणे मालकाच्या हिताचे ठरते. आपल्याकडे पैसा एकदाच, बसविताना मिळतो. नंतरची निगा हा ग्राहकाच्या दक्षतेचा भाग राहतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आली. ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात मंजुरी दिली आणि २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. मार्च २०२५ मध्ये देशात दहा लाख घरांचा टप्पा ओलांडला गेला. या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये आणि त्यापुढे काही नाही, अशी रचना आहे. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक कितीही असले तरी ७८,००० रुपये. दहा किलोवॅटची यंत्रणा बसविणाऱ्या बंगल्यालाही ७८,००० रुपयेच मिळतात. ही उतरती श्रेणी हेतुपूर्वक ठेवलेली असून तिचे स्वागत केले पाहिजे.

एक किलोवॅट म्हणजे काय, हे गावातील सभेत सांगताना आकडे हातात असावेत. पाचशे-साडेपाचशे वॅटची दोन पॅनेल म्हणजे सुमारे एक किलोवॅट. त्यांना साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. आपल्या भागात त्यांतून दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट वीज मिळते. ही वर्षाची सरासरी होय. आषाढ-श्रावणात आभाळ भरले की उत्पादन बरेच खाली येते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटते. उष्णता वाढली की पॅनेलची क्षमता घटते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे एक तृतीयांश टक्का घट धरतात. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापले, तर तेरा-चौदा टक्के वीज त्या तापण्यातच जाते. पॅनेलला ऊन हवे, तापणे नको. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल अशा उंचीवर बसवावी लागतात. ती दक्षिणेकडे तोंड करून, येथील अक्षांशाच्या मानाने सुमारे वीस अंशांच्या उतारावर असावीत.

आता हिशेब. महावितरणच्या घरगुती दरांत पहिले शंभर युनिट, नंतर तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याच्या दराच्या मानाने दुसऱ्याचा दर जवळजवळ दुप्पट पडतो. सोयीसाठी पहिला सहा आणि दुसरा अकरा रुपये धरू. दोन घरे डोळ्यांपुढे आणावीत. एक नोकरदाराचे, महिना अडीचशे युनिट वापरणारे. त्याचे विजेचे शुल्क शंभर युनिटांचे सहाशे आणि दीडशे युनिटांचे सोळाशे पन्नास, म्हणजे सव्वादोन हजारांच्या घरात जाते. दुसरे घर शेतमजुराचे, ऐंशी युनिटांचे. त्याचे शुल्क चारशे ऐंशी रुपये होते. पहिल्या घराने तीन किलोवॅटची यंत्रणा एक लाख ऐंशी हजारांना घेतली असे मानले, तर अनुदान वजा जाता एक लाख दोन हजार रुपये त्याच्या पदरचे जातात आणि सुमारे पंचेचाळीस महिन्यांत ते वसूल होतात. दुसऱ्याने एक किलोवॅटची पन्नास हजारांची यंत्रणा घेतली, तर तीस हजार अनुदान जाऊन वीस हजार त्याचे. ते सुटायला बेचाळीस महिने लागतात.

कागदावर दोघांचा हिशेब जवळजवळ सारखाच आला. प्रत्यक्षात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला पगार आहे, बँकेत पत आहे. तारणाशिवाय दोन लाखांपर्यंतचे कर्ज रेपो दराहून सुमारे अर्धा टक्का अधिक व्याजाने त्याला या योजनेतच मिळू शकते, आणि त्याचा मासिक हप्ता वाचलेल्या बिलातूनच बहुतांशी फिटतो. दुसऱ्याच्या हातात वीस हजार रुपये एकरकमी येतात ते हंगामाच्या शेवटी, आणि ते येण्याआधीच किराणा दुकान, मुलीची फी आणि पुढच्या पेरणीचे बियाणे त्यावर हक्क सांगून बसलेले असतात. साडेतीन वर्षांनी होणारा फायदा त्याला कळत नाही असे नव्हे. तेवढी वाट पाहण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते. केवळ केंद्राच्या अनुदानावर ही योजना चालती, तर ती मुख्यतः स्लॅबच्या आणि पगाराच्या घरांची राहिली असती, असे स्पष्ट म्हणावे लागेल.

राज्य शासनाने २०२५ साली स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप, म्हणजे स्मार्ट योजना मंजूर केली. तिचे महत्त्व नेमके येथे आहे. पाच लाख लहान ग्राहकांसाठी ही योजना असून २०२५-२६ आणि २०२६-२७ या दोन वर्षांत मिळून ६५५ कोटी रुपयांची तरतूद ठरविण्यात आली. यंत्रणा एकच किलोवॅटची, धरलेली किंमत पन्नास हजार रुपये. केंद्राचे तीस हजार सर्वांना समान. त्यावर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकास राज्याकडून १७,५०० रुपये मिळतात. त्याने स्वतः २,५०० रुपये भरायचे. महिना शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या इतर ग्राहकांपैकी सर्वसाधारण गटाला राज्याचे १०,००० रुपये, म्हणजे स्वतःचा वाटा १०,००० रुपये. अनुसूचित जाती व जमातींच्या ग्राहकाला राज्याचे १५,००० रुपये आणि स्वतःचा वाटा ५,००० रुपये. वरच्याच हिशेबाने अडीच हजार रुपये पाच-सहा महिन्यांत, पाच हजार दहा-अकरा महिन्यांत आणि दहा हजार एकवीस महिन्यांत सुटतात. बेचाळीस महिने पाच-सहांवर आले की शेतमजुराच्या घरातील संभाषणच बदलते.

यात शासन केवळ दानधर्म करीत आहे, असे समजण्याचे कारण नाही. लहान ग्राहकाला विजेचा दर कमी लावला जातो आणि त्याचा भार इतर ग्राहकांवर व शासनावर पडत असतो. त्या ग्राहकाची वीज त्याच्याच छपरावर तयार झाली, तर तो भार दरवर्षी थोडा थोडा हलका होतो. शिवाय दूरच्या वीजनिर्मिती केंद्रापासून बाभुळगावच्या शेवटच्या खांबापर्यंत येताना तारांत जी गळती होते, तीही वाचते.

तरीही एका अटीकडे अधिकारी वर्गाने लक्ष द्यावे. शंभर युनिटांच्या गटात येण्यासाठी ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या वर्षात कोणत्याही महिन्याचा वापर शंभर युनिटांहून अधिक नसावा, अशी कसोटी लावण्यात आली. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ही कसोटी योग्य असेल. विदर्भात मे महिना वेगळा असतो. दीडशे वॅटचा साधा कूलर रात्री आणि दुपारी मिळून चौदा तास चालला, तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठाहून अधिक युनिट तोच घेतो. वर्षातले दहा महिने साठ युनिटांत भागविणारे कुटुंब, घरात तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असल्यामुळे कूलर लावते, आणि त्या एका महिन्याच्या बिलाने सवलतीच्या बाहेर पडते. येथे वार्षिक सरासरीची कसोटी अधिक न्याय्य ठरेल. असा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावाने वर जाण्यास काहीच हरकत नाही. उन्हाळ्यातील बिलांचे आकडे जोडून पाठविलेला ठराव नुसत्या मागणीपेक्षा अधिक गांभीर्याने वाचला जातो.

पैशांनंतर दुसरा प्रश्न छपराचा. अनुदानाच्या सर्व कोष्टकांत घराला छप्पर आहे असे गृहीत धरलेले असते. ते कशाचे आहे, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे जुनी घरे कवेलूंची, त्यांच्या जागी आलेली टिनपत्र्यांची, आणि थोडी स्लॅबची. कवेलूंच्या छपराखालचे लाकडी वासे पॅनेलचे ओझे पेलतीलच असे नाही. एकेका पॅनेलचे वजन पंचवीस किलोंहून अधिक असते, आणि वजनाहूनही मोठा धोका मृगाच्या आधी सुटणाऱ्या वावटळींचा असतो. वारा पॅनेलच्या खाली शिरला की तो त्याला वर उचलतो. टिनपत्र्यांच्या घरावर खालच्या लोखंडी आड्याला नटबोल्ट घट्ट पकडलेला असेल तरच काम टिकते. पत्र्यालाच भोक पाडून केलेले काम एक पावसाळाही काढीत नाही, आणि घर गळू लागले की घरमालक सौरविजेला कायमचा रामराम ठोकतो. अशा घरांसाठी अंगणात किंवा गोठ्यावर उभारलेला लोखंडी सांगाडा हा उपाय आहे. मात्र त्याचा जादा खर्च अनुदानाच्या ठोक रकमेत मावत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे.

या दृष्टीने घरकुलांची बाब फार मोलाची आहे. राज्य शासनाने २०२५ साली ग्रामीण घरकुलासाठी जी ५०,००० रुपयांची वाढ दिली, तिच्यातील ३५,००० रुपये बांधकामाचे आणि १५,००० रुपये छपरावरील सौर यंत्रणेसाठी आहेत. म्हणजे ज्या घराचे छप्पर अजून पडायचे आहे, त्याचा सौरविजेचा विचार आजच करता येतो. स्लॅब टाकतानाच दक्षिणेकडची बाजू मोकळी ठेवणे, तारेसाठी नळी पुरून ठेवणे, जिना नसेल तर निदान शिडीची सोय करणे, यांचा खर्च त्या वेळी नगण्य असतो. नंतर हीच कामे करताना भिंती फोडाव्या लागतात. ग्रामसेवक आणि घरकुलाचे अभियंते यांनी नकाशा मंजूर करताना एवढे पाहिले तरी पुरे.

तिसरी अडचण कागदाची, आणि अनुभव असा की सर्वाधिक अर्ज येथेच अडतात. अर्ज राष्ट्रीय संकेतस्थळावर वीज ग्राहक क्रमांकाने होतो. अनुदान ज्याच्या नावाने वीजजोडणी आहे त्याला मिळते. गावातील कितीतरी मीटर आजोबांच्या नावावर आहेत, आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली असतात. बिल येते, भरले जाते, कोणाचे काही अडत नाही. अनुदानाच्या दिवशी मात्र बँक खात्यावरचे नाव आणि बिलावरचे नाव जुळत नाही. नाव बदलण्यासाठी महावितरणकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घराचा नमुना आठचा उतारा लागतो. भावाभावांत वाटणी न झालेल्या घरात संमती मिळविणे हेच मोठे काम होऊन बसते. तेथे महावितरणचा अभियंता काही करू शकत नाही. सरपंच आणि गावातील जाणती माणसेच करू शकतात. नमुना आठ आणि मृत्यूचा दाखला देणे तर ग्रामपंचायतीच्याच हाती आहे.

रकमेच्या वेळेचाही खुलासा हवा. केंद्राचे अनुदान आगाऊ मिळत नाही. ग्राहक नोंदणीकृत पुरवठादार निवडतो, यंत्रणा बसते, महावितरण पाहणी करून नेट मीटर लावते, यंत्रणा सुरू झाल्याचा दाखला निघतो, आणि त्यानंतर ग्राहकाने खात्याचा तपशील भरला की रक्कम थेट खात्यात येते. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीसाठी थांबावे लागत नाही, ही सुधारणा २०२४ साली झाली. तरीही मधल्या काळात पैसा कोणाचा गुंतला, हा प्रश्न उरतोच. पुरवठादार थांबायला तयार असेल तर ठीक. नसेल तर खाजगी सावकाराकडे जाण्याआधी बँकेचे कर्ज, बचत गटाचा निधी किंवा सहकारी पतसंस्था यांचा विचार व्हावा. अनुदान मिळेपर्यंतच्या महिना-दोन महिन्यांच्या उसनवारीवर महिना पाच टक्के व्याज गेले, तर अनुदानाचा एक भाग सावकारालाच दिल्यासारखे होते.

अनुदानास पात्र होण्यासाठी पॅनेल आणि त्यांतील सौरघट भारतात तयार झालेले असावे लागतात, आणि पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करण्याचे बंधन आहे. या दोन्ही गोष्टी करारपत्रात लिहून घ्याव्यात. फोनवरून नोंदणी शुल्क मागणाऱ्याला काहीही देऊ नये. पुरवठादारांची यादी संकेतस्थळावर जिल्हावार पाहता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साधनांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. जुन्या दरपत्रकाने पैसे मागणाऱ्या पुरवठादारास हे दाखवून द्यावे.

आता काही गैरसमजांविषयी. पहिला मोफत या शब्दाचा. विजेचे शुल्क शून्यावर आले तरी स्थिर आकार राहतो, आणि बिल कोरे येत नाही. उलट जादा वीज विकून श्रीमंत होता येईल ही कल्पनाही सोडावी. दिवसा जादा झालेले युनिट महावितरणच्या तारांत जातात आणि खात्यावर जमा होतात. रात्री आणि पावसाळ्यात ते वजा होतात. वर्षअखेर शिल्लक उरलेल्या युनिटांना वीज नियामक आयोगाने ठरविलेला भाव मिळतो, तो ग्राहक भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून ऐंशी युनिटांच्या घराला एक किलोवॅट पुरेसा आहे. पुरवठादाराच्या आग्रहाने तीन घेऊ नयेत.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर, कारण त्यातून अपेक्षाभंग होतो. रात्री वीज गेली तर सौर यंत्रणेतून दिवा लागत नाही, आणि दिवसा वीज गेली तरीही लागत नाही. अनुदानाची ही यंत्रणा महावितरणच्या तारांना जोडलेली असते. तारांतील वीज बंद होताच ती आपोआप थांबते. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवासाठी ही व्यवस्था आहे. घराच्या छपरावरून तारेत वीज येत राहिली, तर तारा मृत आहेत असे समजून हात लावणारा माणूस दगावेल. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी लागते. ती महाग असते, काही वर्षांनी बदलावी लागते, आणि अनुदानात तिचा अंतर्भाव नाही. हे आधी सांगितले तर ग्राहक समजून घेतो. नंतर कळले तर गावभर योजनेची बदनामी होते. जेथे तारा पोचलेल्याच नाहीत, तेथील प्रश्न निराळा. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम हा आदिम जमातींत गणला जाणारा समाज आहे. अशा जमातींच्या वीज न पोचलेल्या घरांसाठी २०२३ सालच्या पंतप्रधान जनमन अभियानात ०.३ किलोवॅटच्या बॅटरीसह स्वतंत्र यंत्रणेची, घरामागे पन्नास हजार रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. पोडावरील घराला सूर्यघरचा अर्ज भरायला लावणे म्हणजे त्याचा वेळ वाया घालविणे होय.

निगेबाबत थोडेसे. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि मळणीच्या दिवसांतला भुसा पॅनेलवर थर धरतो. पंधरवड्यातून एकदा, सकाळी लवकर, पॅनेल तापलेली नसताना साध्या पाण्याने धुवावीत. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत तारा मोकळ्या लोंबू देऊ नयेत, त्या नळीतून घ्याव्यात. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर करू नये. हे काम बहुधा घरातील बाईच्या वाट्याला येते. कुरड्या-पापड आणि तूर वाळविण्याची जागाही तीच वापरीत असते. पॅनेल गच्चीवर कोठे बसवायची हे तिला न विचारता ठरविले, तर सौरचुलीचीच गत होण्याची भीती आहे.

साताऱ्यातील पाटण तालुक्यात मान्याची वाडी नावाचे शंभराच्या आसपास घरांचे गाव आहे. २०२४ साली ते राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तेथे घरांबरोबर पाणीपुरवठा, पथदिवे आणि सार्वजनिक इमारतीही सौरविजेवर आल्या. गुजरातमधील मोढेरा गावाचा बोलबाला २०२२ साली झाला, पण तेथे मोठा निधी आणि मोठा प्रकल्प होता. मान्याची वाडी आपल्याला अधिक जवळची आहे, कारण तेथे ग्रामपंचायतीने सर्व घरे एकत्र धरली. एकेका घराने स्वतंत्र अर्ज केला तर पुरवठादार मोठ्या यंत्रणेच्या ग्राहकाकडे आधी जातो. एक किलोवॅटच्या एका कामासाठी यवतमाळहून माणसे आणि शिडी घेऊन येणे त्याला परवडत नाही. चाळीस घरे एकाच आठवड्यात होणार असतील तर तोच पुरवठादार भाव कमी करतो आणि दुरुस्तीसाठी गावात माणूसही ठेवतो. लहान ग्राहकाची ताकद संख्येत आहे, आणि ती संख्या पंचायतीशिवाय दुसरे कोणी गोळा करू शकत नाही. यासाठी स्थानिक संस्थेला प्रत्येक घरामागे एक हजार रुपये प्रोत्साहन केंद्राच्या योजनेत ठेवले आहे. ग्रामपंचायतीस आणि बाभुळगावच्या नगर पंचायतीसही ते लागू होते. शिवाय पाच हजारांवर लोकवस्तीच्या गावांतून जिल्ह्यामागे एका आदर्श सौरग्रामाला एक कोटी रुपयांचे साहाय्य मिळण्याची तरतूद आहे. ते बक्षीस सर्वांना मिळणार नाही. घरामागचा हजार रुपयांचा निधी मात्र सर्वांना मिळू शकतो, आणि त्यातून अर्ज भरून देणाऱ्या तरुणाचे मानधन सहज निघते.

शिक्षकांनाही यात काम आहे. सातवी-आठवीच्या मुलांनी एका घराच्या नेट मीटरचे आकडे आठवड्याला टिपले, ढगाळ आणि निरभ्र दिवसांची नोंद ठेवली आणि धुण्याआधीचे व नंतरचे उत्पादन ताडून पाहिले, तर गणिताचा पाठ होतो आणि गावाला स्वतःचे आकडे मिळतात. पुढच्या घराला पटविण्यासाठी शेजारच्या घराचे आकडे छापील पत्रकाहून अधिक उपयोगी पडतात.

कामाचा क्रम मात्र उलटा धरावा. आधी शिबिर, मग अर्ज, मग कागदपत्रे असा रिवाज आहे आणि त्यात अर्धे लोक कागदापाशी गळतात. त्याऐवजी पंचायतीने प्रथम घरोघरची एक यादी करावी. मीटर कोणाच्या नावावर आहे, गेल्या बारा महिन्यांत सर्वांत अधिक वापर किती होता, थकबाकी आहे काय, छप्पर कशाचे आहे आणि दक्षिणेकडे झाड किंवा शेजाऱ्याची भिंत सावली टाकते काय, एवढे पाच रकाने पुरेत. एका वॉर्डाची अशी यादी दोन संध्याकाळींत होते. ज्यांची नावे बदलायची आहेत त्यांचे अर्ज सर्वांत आधी महावितरणच्या बाभुळगाव येथील कार्यालयात द्यावेत, कारण त्यांनाच वेळ लागतो. ज्यांचे कागद तयार आहेत त्यांची चाळीस-पन्नासची तुकडी करून तीन पुरवठादारांकडून एकाच नमुन्यावर लेखी दर मागवावेत आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवावेत. बसविण्याचे काम कापूस वेचणीच्या गर्दीनंतर आणि मृगाच्या वाऱ्याआधी, म्हणजे माघ ते चैत्र या काळात उरकावे. तेव्हा मजूर मिळतो, छपरे कोरडी असतात आणि सुरू झाल्याबरोबर येणारे चैत्र-वैशाखाचे ऊन पहिल्याच बिलात दिसते.